फाइल जुळत नाही

हिवराज कापगते, लाइनमन, एकतीस तारखेला रिटायर होतात.
सरपंचबाई म्हणाल्या, हेमलता, तूच कर त्यांचा व्हिडिओ,
तुले कम्पुटर येते.
मला जन्माचे दाखले येतात, घरपट्टीची पावती येते.
नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत
ग्रामपंचायतीच्या टेबलावर सात पेनड्राइव्ह, चार मेमरी कार्डं
आणि उपरण्यात गुंडाळलेली लग्नाची सीडी.

सॉफ्टवेअर फुकटचं, नवशिक्यांसाठी.
डावीकडं एक रिकामा चौकोन:
'मीडिया येथे ओढून आणा.'
ओढून आणा म्हणे,
जशी बांधीतून तणसच ओढायची आहे.

पोळ्याची एमपीफोर पटकन गेली.
तीत काका लोंबती तार बांबूनं उचलून धरतात
आणि खालून बैल जातात, झुलीसकट.
शाळेतली गेली.
पुण्याच्या भाच्याची, महागड्या मोबाइलातली,
आली, पण हिरवी-जांभळी, अडखळत,
चपला न काढता घरात शिरल्यासारखी.
सीडीतल्या डॅट फाइलला मात्र नकार:
'हा प्रकार जुळत नाही.'
मी तिचं शेपूट खोडलं, तिथं एमपीजी लिहिलं,
आणि ती निमूट आत आली.
माझ्या काकूचंही लग्नात असंच केलं होतं.

मग कळलं, आत घेतलेलं आत नसतंच.
सॉफ्टवेअर नुसता पत्ता लिहून ठेवतं.
धनपालचा पोरगा त्याचा पेनड्राइव्ह मागायला आला,
मी दिला,
आणि पोळ्याच्या जागी काळा चौकोन, पिवळा त्रिकोण,
'मूळ फाइल सापडत नाही.'
बैल, बांबू, तार
सगळं त्याच्या खिशातून
सायकलीवर तलावाच्या पाळीपर्यंत पोचलेलं.
मी अनवाणी धावले.

शेवटी सगुणाबाई आल्या.
बटनांचा फोन, मागचं झाकण रबरानं बांधलेलं.
"याच्यात आमचे हायेत, काकाच्या संगं. बघ निघते का."
दुलीचंद, काकांचा मदतनीस.
गेला त्याला बारा वर्षं. खांबावर नाही, तापानं.
थ्रीजीपी, अंगठ्याएवढं चित्र.
सॉफ्टवेअरनं ओळखच दिली नाही.
कन्व्हर्टर उतरवला, तोही फुकटचा,
फुकटात अर्धीच फाइल बदलून देणारा.
अर्ध्यात खांब दिसला, काका दिसले, खाली उभ्या माणसाचा खांदा,
"काका गा, लाइन बंद हाय ना?"
आणि तिथंच तुटलं.

मी तीनदा पाहिलं.
चौथ्यांदा पाहताना लाइट गेली.
सेव्ह केलं नव्हतं.
फोन कोणाला करणार? त्यांनाच केला.
"एवढ्या रात्री काय करतेस वो पोरी?"
घरपट्टी, म्हणाले.
"फेज उडला असन. आलो."
चार दिवस राहिले होते नोकरीचे.
अंधारात त्यांची बॅटरी रोहणीच्या बांधीवरून हलत गेली,
पिवळी, ओली,
आणि मी दारात उभी राहून मोबाइल काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.
पेनड्राइव्हमधलं सगळं आधी कम्प्युटरवर उतरवलं, एका फोल्डरात,
फोल्डरला नाव दिलं: हलवू नये.
दुसरा कन्व्हर्टर शोधला.
यानं चित्र नाही दिलं. आवाज दिला, पूर्ण.
"काका गा, लाइन बंद हाय ना?"
मधे वारा. कुठंतरी टिटवी.
"हाव गा. म्या सोताच्या हातानं केली हाय. तू धर सिडी."

सरपंचबाईंना नुसता काळा पडदा पटत नाही.
फोटो लाव म्हणतात, फुलं लाव, गाणं लाव.
मी ऐकून घेतलं, आणि तसाच ठेवला.
अकरा सेकंद.
लोकांना वाटेल लाइट गेली.
पहिल्या रांगेत, गळ्यात हार घातलेला एक माणूस
सवयीनं उठायला लागेल.