करंगळीशेजारचं बोट

स्पर्धा संपल्यावर परीक्षक ओलेटाला विचारतो,
हे कुणाकडून शिकलीस?
राळेची वडी फडक्यात गुंडाळत ती म्हणते,
एल्झीकडून. आईचा मामा. मार्चमध्ये गेला.
मग जरा थांबून :
आणि त्याच्या नसलेल्या बोटाकडून.

परीक्षक हसतो.
तिला विनोद करायचा नव्हता.

अठ्ठावन्न साली, नदीकाठच्या लाकूडगिरणीत
पॉप्लरच्या फळीबरोबर एल्झीचं एक बोट गेलं,
डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं.
तिकडे त्याला अंगठीचं बोट म्हणतात,
आपण अनामिका.
अंगठी भुशात सापडली. बायकोनं ती धुऊन
स्वतःच्या साखळीत ओवली.
गिरणीमालकानं बेचाळीस डॉलर दिले.
पट्टी सुटली तसा तो पोर्चवर बसून
उरलेल्या तीन बोटांत सगळ्या चाली
पुन्हा मावतात का बघू लागला.
जो सूर हाती लागेना तो त्यानं सोडला,
ओढा ओलांडताना हलता दगड सोडून
पुढच्यावर पाय टाकतात, तसा.

ओलेटा सात वर्षांची. हात धड, बोटं सगळी.
ती चाल शिकली ती त्या सोडलेल्या सुरासकट.
माझ्या हाताकडे बघू नको, तो म्हणायचा,
पायाकडे बघ.
फळीवर टाच पडायची
आणि फिडलच्या पोटात ठेवलेली
खुळखुळ्या सापाची शेपटी
किंचित उशिरा वाजायची.

बँजोची गोष्ट निराळी.
त्यावर ग्राउंडहॉगचं कातडं, दांडीवर एकही पट्टी नाही,
सूर कुठे आहे ते बोटानं शोधायचं.
एल्झी दहा वर्षांचा असताना
रुळांखाली खडी भरणारी काळ्या मजुरांची टोळी
वळणावर डब्यात राहायला होती.
त्यातल्या लेमनं त्याला शिकवलं :
नखानं वरून खाली मार,
अंगठा आखूड तारेवर आपोआप पडू दे,
दार ढकलल्यावर कडी पडते तसा.
लेमच्या आजीचा बँजो भोपळ्याचा होता.
भोपळा समुद्रापलीकडचा, लेम सांगायचा,
म्हणजे कुठला, ते त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

लेम काय? आडनाव?
ओलेटानं एकदा विचारलं होतं.
आम्ही त्यांची आडनावं विचारत नसू, एल्झी म्हणाला,
आणि त्या संध्याकाळी
त्यानं बँजो पुन्हा हातात घेतला नाही.

पुढे ती जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आली.
रेल्वेच्या जुन्या पगारपत्रकात एक ओळ :
मजूर, सतरा.

अंत्यविधीनंतर बिस्किटांच्या डब्यात
एक तबकडी निघाली, छप्पन्न सालची,
गावच्या रेडिओ स्टेशनात कापलेली.
चार बोटांचा एल्झी. केवढा घाईत!
आणि दुसऱ्या भागाच्या वळणावर
तो सूर, जागच्या जागी.
ओलेटानं वाजवून पाहिला. सहज आला.
चूक काहीच नव्हती,
फक्त चाल कोरा शर्ट घातलेल्या माणसासारखी
ताठ बसून राहिली.
तिनं तीनदा वाजवला.
मग तबकडी डब्यात, डबा कपाटावर.

आज तिचा चौथा नंबर.
कागदावर शेरा : दुसऱ्या भागात एक सूर गळतो.

पार्किंगमध्ये, ट्रकच्या उघड्या फळीवर,
शेजारच्या खोऱ्यातला एक पोरगा, नऊ-दहाचा,
तिच्यासमोर फिडल घेऊन बसलाय.
तिचं ऐकून तो ते बोट तळव्यात दुमडून धरतो.
उघड, ती म्हणते. बोट असू दे.
फक्त तिथं जाऊ नको.

तो वाजवतो. अडखळतो. पुन्हा वाजवतो.
दिवे लागतात, कुणीतरी मक्याची कणसं भाजतंय.
मग तो बँजोकडे मान वळवतो :
आणि हा कुणाचा?

लेमचा, ती म्हणते.

लेम काय?

ती आखूड तारेची खुंटी पिळते,
कान लावते,
पुन्हा पिळते.