अडीच मापं

थंडी कुठून आणता, असं सगळेच विचारतात.
ऊन कुठे टाकता, हे
आजवर एकीनेच विचारलं:
तांबोळी ड्रायव्हरच्या आठवीतल्या रेहानाने,
कोल्ड रूमच्या दारात, चपला हातात धरून.

जानोरीच्या पॅकहाउसच्या पत्र्यावर
काचेच्या नळ्या उताण्या पडून दिवसभर ऊन पितात.
तापलेलं पाणी खाली उतरतं,
मिठाच्या द्रावणातून वाफ सोडवून घेतं,
आणि कुठल्याशा निर्वात पोटातून फिरून
सात अंशांचं पाणी द्राक्षांकडे निघतं.
पुढची उतरण विजेवरची. खोटं कशाला बोलू.

पण हिशेब असा आहे, पोरी:
एक माप थंडी हवी तर
अडीच मापं ऊन मागच्या दाराने घालवावं लागतं.
एक, द्राक्षांच्या अंगातलं.
दीड, सूर्याचं स्वतःचं.
तो काम करून जातो
आणि गाठोडं आपल्याच ओट्यावर ठेवून जातो.

पहिल्या साली कूलिंग टॉवर होता.
वरून पाणी झरायचं, पंखा वारा ओढायचा,
माठाचीच विद्या, फक्त मोटार लावलेली.
माठ दिवसाला तांब्याभर पितो;
हा दोन दिवसांत टँकर.
बोअरचे क्षार नळ्यांवर असे चढले
की मी पावसाळाभर ब्रश घेऊन
त्याचे दात घासत बसले.
शेजारच्या कौतिकाबाई उगले कुंपणाशी येऊन म्हणाल्या,
तुझ्या तुषारांनी माझ्या सांडग्यांना बुरशी आली.

दुसऱ्या साली कोरडे पंखे. पाण्याचा थेंब नाही.
फेब्रुवारीत झकास.
एप्रिलच्या दुपारी बाहेर एकेचाळीस,
तापलेल्याने तापलेल्याला काय द्यायचं?
छतावर ऊन मावत नव्हतं
आणि खाली मशीन दम टाकून बसलं.
द्रावण आतल्या आत गोठलं.
त्या रात्री मी आणि रोहिदास
गरम पाण्यात गोणपाट भिजवून
त्या लोखंडी पोटाला शेक देत होतो,
थंडीच्या कारखान्यात, पहाटे तीनपर्यंत.

मग धात्रकांच्या पडीक विहिरीत वेटोळं सोडलं.
विहिरीने आठवडाभर सगळं पोटात घेतलं.
दहाव्या दिवशी मरळ मासे तोंडं उघडून वर आले.
मी पाण्यात हात घातला
आणि काही न बोलता पाइप ओढून काढला.

आता मागच्या शेडमध्ये जा, रेहाना.
तिथे क्रेटवर खडूने लिहिलंय, रिजेक्ट.
सोळा मिलिमीटरला न पुरलेले मणी,
तडकलेले, डागाळलेले, घडातून निखळलेले.
त्यांच्या ताटव्यांखालून आम्ही ते ऊन सोडतो,
अडतीस अंश, सावकाश, सावलीतलं.
निर्यातीच्या घडांच्या अंगातली धग
घरी राहिलेल्या बहिणींना मिळते
आणि पंधरवड्यात त्या बेदाणा होतात.
आमच्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे:
ते ऊनही रिजेक्टच.

सगळं मावत नाही तिथेही.
उरलेलं टाकीत ठेवतो,
रात्री अकरानंतर पंखे लावतो
आणि ओझरच्या बाजूचं आभाळ
नाही म्हणत नाही.
कधी तेही ढगाळ असतं.
तेव्हा टॉवर, थोडं पाणी, पुन्हा ब्रश.

रेहानाने मूठभर बेदाणे फ्रॉकच्या खिशात टाकले,
एक दाताखाली धरून म्हणाली, गरम आहे अजून.

अलीकडे शेडच्या झरोक्याबाहेर,
जिथून शेवटचा कोमट वारा निघतो,
रोज सकाळी एक जुनी खाट उभी असते.
खाटेवर सुती धोतर, धोतरावर सांडग्यांच्या रांगा.
कोणाची आहे, विचारलं नाही मी.
कौतिकाबाईही सांगत नाहीत.