संमती

आधी कन्नड फॉर्म काढला. निपाणीची म्हटल्यावर
खालच्या खणातून मराठी.
नऊ पानं. शिवलीला सिस्टर वाचत होती:
‘औषध नवी की जुनी, डॉक्टरला पण ठाऊक नसते.
कॉम्प्युटर वाटून देतो.’

वाटणी मला नवी नाही ओ.
तीस वर्षं विड्या वळल्या, रोजच्या हजार,
मुकादम न बघताच मूठभर छाट काढायचा.
‘का?’ विचारलं की पुढच्या खेपेला पानं कमी.

इथं सहाव्या पानावर लिहिलंय,
कधीही सोडता येईल, कारण न सांगता.
ते मी दोनदा वाचायला लावलं.

मग सही. आक्काताई खवरे.

सूप मांडीवर घेतलं की
डावीकडं आता काही अडत नाही.
तेवढं फॉर्मात
कुठं विचारलं नव्हतं.