दोन चौकटींमधलं पांढरं

गुणवंत लोणारेच्या सायकल दुकानात
पंक्चरच्या घमेल्यावर, दोरीला
धुणं वाळत घातल्यासारखी टांगलेली असायची
भुतांची कॉमिक्सं.
तासाला दहा पैसे. घरी न्यायचं तर चार आणे,
वर लोणारेचा दम : पान फाटलं त बुक तुयं.

म्हणून हे माझं.
शेवटचं पान नाही.
मुखपृष्ठ आधीपासूनच नव्हतं.

आता मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, दुसरा तास.
फळ्यावर लिहिते : जे दडपलं जातं ते परत येतं.
मुलं उतरवून घेतात.
मागच्या बाकावरून रेशीम कोडापे विचारते,
मॅडम, कोणत्या गाडीनं येते ते?

म्हणून आज पुस्तकच वर्गात नेलं.
ही विहीर, म्हटलं, ही आई.
उलटी पावलं, म्हणजे मागे जायची ओढ.
हे तळघर. आपल्याकडे कोणाच्या घराला तळघर होतं?
पण भ्यायला घर स्वतःचंच लागतं असं नाही.
आणि भूत असतं दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत,
जिथे चित्रकारानं काहीच काढलेलं नाही.
या चौकटीत कडीवर हात,
त्या चौकटीत दार सताड.
मधल्या मधे उघडलं कोणी?
तुम्ही.

तास छान झाला.

मग रेशीमनं पुस्तक उलटं करून पाहिलं.
मागे वहीचं पान, कणकेच्या खळीनं डकवलेलं,
अकरा वर्षांच्या माझ्या हातानं, बॉलपेननं
पुरी केलेली गोष्ट :
दारात एक उंच, आतून न रंगवलेलं कोणी.
हे काहून बिनतोंडाचं आहे मॅडम?

अर्थ तयार होता.
बोलायची बंदी, बापाचा कायदा,
तीन संदर्भग्रंथ पान क्रमांकांसकट.
तोंड उघडलं, आणि दिसलं
त्याच्या हातात मी काढलेला डबा,
तीन पुडांचा, वरची कडी वाकलेली.

झामरे जिनिंगची रात्रपाळी पहाटे सुटायची.
बाबा यायचे भुवयांपर्यंत कापसाच्या तंतूंनी माखून,
नाकातोंडावर करकचून दुपट्टा,
आणि आत न येता उंबऱ्यातच थांबायचे
खोकला बसेपर्यंत,
लेकरं झोपलीत म्हणून.
मी जागीच असायची. डोळे गच्च मिटून,
मोजत.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला.
रेशीम तशीच उभी, पान धरून.

तोंड आहे गं, म्हटलं.
दुपट्ट्याच्या आत.
मला तेव्हा
खोकला काढता येत नव्हता.