साडेपंधरा पक्षी

एका मुकुटाला एकतीस पिसं.
शेपटीतली, मधली, सर्वांत लांब तीच चालतात;
एका मकावाकडे अशी दोन.
बाकीचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला
आणि पान फाडून चुलीत घातलं,
कारण बाबा समोरच बसून कसावा सोलत होते.

साडेपंधरा पक्षी.
अर्धा कसा मारतात, विचारायचं राहिलं.

मोहोसच्या या कुरणांवर, बाबा सांगतात,
मोताकूची फळं पिकली की
निळ्या गळ्यांचा एवढा गलका उठे
की पाद्री प्रवचन आवरतं घेई.
मग विमानातून पिंजरेवाले आले.
मग गुरांसाठी गवत जाळणारे;
पोकळ, म्हातारी झाडं आधी पेटतात.
आणि मुकुट? आपले मुकुट?
इथे बाबांना खोकला येतो.

पावसाळ्यात मी होडीने जाते,
झाडांना फळ्यांच्या पेट्या बांधते.
सात नंबरच्या पेटीत जानेवारीत एक पिल्लू होतं,
उघडंवाघडं, सुरकुतलेलं,
झोपमोड झालेल्या न्यायाधीशासारखं संतापलेलं.
वजन दोनशे दहा ग्रॅम.
अंगठ्यावरचा व्रण त्याचाच.

रात्री कापड, तार, खळ,
निळ्याच्या तीन बाटल्या.
पीस जमतं, त्याची शीरही जमते;
जमत नाही ती कुरकुर,
एकतीस पिसं एकदम वाकतात तेव्हाची.
"खोट्या पिसाला वारा ओळख देत नाही, देल्मिरा,"
म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

जुलैत, सणाच्या पहाटे, त्यांनीच मुकुट मागितला.
उलटसुलट पाहिला. हुंगला.
"एक जुनं लाव. एकच. मागच्या बाजूला.
माझ्या बापाच्या हातचं."

प्रकल्पाच्या कागदावर माझी सही आहे :
सर्व पिसे कृत्रिम.
मी सुईत दोरा ओवला.

चौकात ढोल. घोट्यांना बियांच्या माळा,
हातात लाकडी पातं, गुडघे कधीचेच गेलेले,
आणि एउस्ताकियो मुइबा यांच्या डोक्यावर
उगवल्यासारखा उभा तो निळा पंखा.
ते जमिनीपर्यंत वाकले.
मी डोळे मिटून कान दिला.
काहीतरी कुरकुरलं.
पीस की गुडघा, सांगता येणार नाही.

संध्याकाळी वहीत लिहिलं :
पेटी सात, बिजागरी सैल.
नोव्हेंबरच्या आत बदलणे.