हातचं आणि पळतं

क्लीव्हलंडला मे महिन्यातही
तलावावरचा वारा स्वेटरच्या विणीतून आत येतो.
इमारतीत आता मी, व्हॅक्यूम फिरवणारा अर्नेस्टो,
आणि पडद्यावर तू, लाव्हेल पेटिग्रू,
तिसऱ्या फेरीतली आमची निवड,
अंगात अजून कॉलेजची जर्सी.
तुझ्यावरचं पान सकाळी आठला द्यायचंय.

आकडे माझ्याआधी येऊन बसलेत.
चाळीस यार्ड, साडेचार सेकंदांच्या आत.
उभी उडी एकोणचाळीस इंच.
पंजा पावणेनऊ.
पंजावर मीटिंगमध्ये कॉफी गार होईपर्यंत बोलणं झालं.
लहान आहे, कोच हॅल्व्हरसन म्हणाले.
मी टेबलाखाली माझी वीत पसरली:
तुझ्यापेक्षा एक पेर कमी,
आणि या वितीनं मी मिरजेत परकराचं कापड मोजलंय,
कधी कमी पडलं नाही.
तू मात्र टीव्हीवर, आईच्या देखत,
पट्टीवर हात ठेवलास.
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मागच्या मोसमात अकरा झेल सुटले.
अकराही कापून मी ओळीनं लावलेत.
घास हातातोंडाशी, आणि खाली.
पुन्हा घास. पुन्हा खाली.
नऊ वेळा एकच खोड:
चेंडू बोटांना लागायच्या आत तुझी मान वळते,
नजर पुढच्या मोकळ्या गवतावर,
डावा पाय तिकडे निघालेलासुद्धा.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी.
ही म्हण ज्यानं केली
त्यानं फुटबॉल पाहिला नसेल,
तुला नक्की पाहिलं असणार.
लिहिते: दोष हातांत नाही, मानेत.
शिकवता येईल.

दहाव्या वेळी ऊन डोळ्यांवर होतं. सोडून देऊ.

अकरावी फीत मी हळू केली, मग आणखी हळू.
मैदानाचा मधला भाग, तिरकी धाव,
समोरून त्यांचा बचाववाला, दरवाजाएवढा,
आणि तू डोळे मिटलेस.
टक्कर व्हायच्या आधी.

हे मला ओळखू येतं.
चौदाव्या वर्षी खो-खोच्या खांबावर माझी हनुवटी फुटली,
तीन टाके.
त्यानंतर अख्खा मोसम
खांबाच्या अलीकडे माझं एक पाऊल लहान पडायचं.
सरांच्या हातात घड्याळ होतं, ते घड्याळ बघायचे.
कुणालाच कळलं नाही, इतकं लहान पाऊल.
मलाही वर्षभरानं कळलं.

आता हे लिहू का?
भित्रा, हा शब्द इथं कुणी उच्चारत नाही,
फक्त ऑगस्टमध्ये लॉकरवरची नावाची पट्टी निघते.

अर्नेस्टो दारात थांबला. वायर गुंडाळत म्हणाला,
"नवा पोरगा? कसा आहे?"
"बघतेय."
"दोन तास बघतेयस."

खरं होतं. म्हणून फीत थांबवली नाही, चालू दिली.
तू उठलास. हेल्मेटमधलं गवत काढलंस.
पुढचा डाव: पुन्हा तीच तिरकी धाव,
तोच मधला भाग, तोच दरवाजा.
चेंडू दुसऱ्याच टोकाला गेला,
कॅमेराही त्याच्यामागे गेला,
तू फक्त कोपऱ्यात उरलास, अंगठ्याएवढा.
मी तो कोपरा मोठा केला, चौकोन फाटेपर्यंत.
दाणेदार, पुसट,
पण डोळे उघडे.
कुणी न बघता, चेंडू येणार नसताना,
शेवटपर्यंत उघडे.

याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.
झेल नाही, यार्ड नाही, सुटलेलाही नाही.

पानावर वेगाला रकाना आहे, उडीला आहे,
पंजाला तर दोन आहेत.
मी अकरावीखाली लिहिलं, डोळे मिटतो,
आणि बारावी फीत जोडली,
खाली, "इतर" मध्ये,
जिथं आम्ही बुटांचं माप लिहितो.