गुडघा

एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे बारा.
मशीन चुकलं असेल म्हणून हातानं पुन्हा घेतलं.
चुकलं नव्हतं.

सूरच्या इस्पितळात रात्रीचे दोन.
शम्सा डोळ्यांपुढे बोटं उघडते, मिटते.
काजवे, मी मनात म्हणते.

लॅबेटालॉल शिरेतून, सावकाश, घड्याळ बघत.
दहा मिनिटं.
पुन्हा पट्टा, पुन्हा हवा, पुन्हा तो सुस्कारा.
उतरतंय. पण भराभर नको,
आत आणखी एक जण ह्याच रक्तावर आहे.

मग मॅग्नेशियम.
"नार, नार," ती पुटपुटते.
नार म्हणजे आग, एवढं अरबी मला येतं.
जुलैत उन्हात ठेवलेल्या गाडीत बसल्यासारखं
होईल, सांगितलं होतं मी. तरी मनगट सोडत नाही.

दर तासाला रबरी हातोडी.
गुडघ्याखाली टक्. पाय उडतो.
काचेपलीकडे नवऱ्याला वाटतं, खेळतेय ही मल्याळी नर्स.
मी सावंतवाडीची, आणि खेळत नाहीये:
पाय उडायचा थांबला
तर औषधच विष झालं समजायचं.
उतारा ट्रेमध्ये भरून ठेवलाय.

डॉक्टर सातला ठरवतील बाळाचं.
बंदरात होड्यांची इंजिनं सुरू झाली.
एकशे अठ्ठेचाळीस, चौऱ्याण्णव.
टक्.
शम्सा झोपेतच मला लाथ घालते.
तक्त्यावर लिहिते: आहे.